बाई ‘येते’ म्हणाल्या

घरातून चोरासारखं बाहेर पडायची कला तिनं गेल्या काही महिन्यांत चांगलीच अंगी बाणवली होती. चपला आदल्या रात्रीच जिन्यात काढून ठेवायच्या, पर्स दारामागच्या खुंटीला. सकाळी सासूबाईंनी खारूला खिडकीशी नेलं, की श्वास रोखून कडी काढायची, दार ओढून घ्यायचं आणि खालचा मजला येईपर्यंत पाऊल वाजू द्यायचं नाही. खारू म्हणजे तिची लेक. नुकती दुडुदुडु धावायला लागलेली, घास गालात साठवून ठेवणारी, म्हणून खारू.

“पोटच्या पोरीपासून अशी पळ काय काढतेस गं?” सासूबाई म्हणायच्या. “सांगावं, येते म्हणावं आणि निघावं.”

“रडते हो, आई.”

“रडू दे की. रडून काय विरघळणार आहे? तू नाही दिसलीस की सगळं घर धुंडाळते ती. पलंगाखाली वाकून बघते. तुला ते दिसत नाही, मला दिसतं.”

हे ती खाली मान घालून ऐकायची. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच, चपला जिन्यात. ते रडवेलं तोंड एकदा बघितलं तर आपला पाय निघणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि पाय निघायला तर हवाच होता.

ती विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात कार्यक्रमांचं बघायची. नोकरी हंगामी. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तेव्हा खुर्ची जागेवर होती, पण खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं जॅकेट होतं. विभागप्रमुखांनी ते जॅकेट उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवलं आणि तिला म्हणाले, “बस. जागा तुझीच आहे. पण वर्षअखेरीला तुला ठेवायचं की नाही, याचं उत्तर मला वरच्यांना द्यायचंय. पोरवडा मागे असलेल्या बाईकडून धावपळ होत नाही, असं इथे काहींचं म्हणणं आहे. या वर्षीचं चर्चासत्र तुझ्याकडे देतो. ते नीट पार पडलं, की मला तोंड उघडायला जागा राहील.”

त्या जॅकेटबद्दल ती त्यांची मनातून ऋणी होती. आणि म्हणूनच जास्त घाबरलेली होती.

चर्चासत्राचा विषय होता ‘पायी चालणाऱ्यांचं शहर’. वक्ते ठरवायचे, त्यांच्या वेळा जुळवायच्या, जाण्यायेण्याची सोय बघायची, परिचय लिहून घ्यायचे, कुणाला कॉलरचा माइक लागतो आणि कुणाला हातातलाच हवा असतो ते लक्षात ठेवायचं. गॅसचं बटण बंद आहे की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघणारी बाई ती, तिला हे काम मानवलं. एका वक्त्याला तर तिनं इतक्या वेळा विचारून घेतलं, की त्यानं शेवटी कळवलं, “मॅडम, मी येतोय. माझ्या लग्नालासुद्धा मी इतक्यांदा हो म्हणालो नव्हतो.”

फक्त एका माणसाला तिनं पुन्हा विचारलं नाही. आणि ते माणूस म्हणजे पूलवाल्या बाई.

बाई याच विभागात शिकवून निवृत्त झालेल्या. शहरातले पादचारी पूल त्यांच्या हातचे. विभागप्रमुख त्यांचे विद्यार्थी, आणि बाईंचं नाव निघालं की आजही खुर्चीत सरळ बसायचे. निवृत्तीनंतर बाईंनी कुठलंच व्यासपीठ स्वीकारलं नव्हतं. निमंत्रणं जायची, नकार यायचे, पुढे पुढे नकारही येईनासे झाले.

अशा बाई एक दिवस अचानक विभागाच्या ग्रंथालयात उगवल्या. जुन्या आराखड्यांची एक गुंडाळी हवी होती. ती तिथेच होती. स्टुलावर चढून, धूळ खाऊन तिनं ती गुंडाळी शोधून दिली आणि उतरता उतरता मनाचा हिय्या करून सगळं सांगून टाकलं. चर्चासत्र, विषय, तारीख, पहिलं भाषण तुमचंच हवंय असं सर म्हणतात. “बाई, याल ना?”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, गुंडाळी काखेत मारली आणि म्हणाल्या, “बरं. बरं. येते मी.”

आणि गेल्या.

ती तरंगतच विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

“बाई हो म्हणाल्या?” त्यांचा विश्वास बसेना.

“येते म्हणाल्या, सर.”

“स्वतः?”

“माझ्या तोंडावर.”

“मग आता त्यांना सारखं विचारत बसू नकोस,” सर आवाज खाली आणून म्हणाले, जणू बाई शेजारच्या खोलीत होत्या. “सारखं विचारलेलं त्यांना खपत नाही. पत्रिका छापून घे आणि पोस्टानं पाठव. गाडीचं तेवढं दोन-तीन दिवस आधी बोल.”

तिनं ऐकलं. पत्रिका छापली गेली. सर्वांत वर, जाड अक्षरात, बाईंचं नाव.

*

गाडीचं बोलायला तिनं फोन लावला तो सोमवारी. चर्चासत्र गुरुवारचं.

“बाई, नमस्कार. गुरुवारी गाडी किती वाजता पाठवू?”

“कसली गाडी?”

“तुम्हाला आणायला. दहाला तुमचं भाषण आहे ना.”

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

“माझं भाषण? अगं मुली, मी हो कधी म्हटलं?”

तिच्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. “तुम्ही येते म्हणालात, बाई. ग्रंथालयात. मी विचारलं, याल ना, तर म्हणालात, बरं, येते मी.”

 बाई अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारख्या म्हणाल्या, “अगं, ते निघतानाचं येते होतं. दारातून निघताना म्हणतो ना आपण, तसलं. म्हणजे मी जात होते गं.”

“पत्रिकेत नाव छापलंय, बाई. पोस्टानं पाठवली होती.”

“इथे नाही आली. म्हणजे आली असेल, पण आमच्याकडे पोस्ट हे घेतात आणि मग ती कुठे जाते ते देव जाणे. परवा विजेचं बिल साखरेच्या डब्यात निघालं.”

फोन ठेवून ती बसून राहिली. काचेतून समोर विभागप्रमुखांची खोली दिसत होती. सर बाईंचा परिचय स्वतःच्या हातानं लिहीत होते. एक कागद लिहायचे, वाचायचे, फाडायचे, दुसरा घ्यायचे. एरवी परिचय तिच्याकडूनच लिहून घेणारा हा माणूस. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. ‘येते’ला ‘येते’ समजले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आपली भाषा आपल्यालाच कळेना, असं झालं की हे. शेवटी तिनं बाईंचा पत्ता घेतला आणि सरळ त्यांच्या घरी गेली.

तळमजल्यावरचं नीटस घर. खोलीत आराखडे काढायचं मोठं तिरकं टेबल, त्यावर घड्या घातलेले कपडे. दाराकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत बाईंचे यजमान. उंच, देखणे, कोपरे झिजलेला स्वेटर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं.

“तुम्ही पुलाचं बघायला आलात का?” त्यांनी तिला विचारलं.

“हो, पुलाचंच,” बाई आतून चहा आणत म्हणाल्या.

कप हातात येईपर्यंत त्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला, मग पुन्हा. दर वेळी बाई त्यांच्याकडे वळून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, “हो, पुलाचंच,” म्हणायच्या. आवाजात कुठे किंचितही वैताग नाही. तिनं ते टिपलं. ती असलं टिपायचीच. घरी आपण खारूच्या चौथ्या ‘काय’ला कसं खेकसतो, तेही तिला आठवलं.

“हे असं आहे बघ,” बाई म्हणाल्या. “मी नसले तर तासभर राहतात. त्याच्यापुढे दारात जाऊन उभे. त्या दिवशी ग्रंथालयातून म्हणून तर पळाले. तू काय विचारलंस, ते खरं सांगते, माझ्या कानावरून गेलं फक्त.”

“कुणाजवळ ठेवून…”

“शेजारीण बसते कधी कधी. पण मी येते म्हणून सांगून निघाले, तरच हे थांबतात. एकदा झोपलेत बघून गुपचूप गेले दुकानात. म्हटलं, कशाला उठवा. परत येते तर हे रस्त्याच्या कडेला, एका पायात चप्पल. मला शोधायला निघाले होते. तेव्हापासून झोपेतून उठवून सांगते, पण सांगते.”

तिचा चहा हातातच राहिला. तिला पलंगाखाली वाकून बघणारी खारू दिसली.

आता आग्रह कसला करायचा? “चूक माझी आहे, बाई,” ती म्हणाली. “मी पुन्हा विचारायला हवं होतं. पत्रिका मी बदलून घेते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” कप ठेवून उठली, आजोबांना नमस्कार केला आणि दारात चपलेत पाय घालता घालता म्हणाली, “बरं, येते मी.”

म्हणाली, आणि जागच्या जागी थिजली.

बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायला लागले ते हलायलाच लागले. “छापू का मग गुरुवारच्या पत्रिकेत तुझं नाव?” त्या म्हणाल्या. तीही हसली. दोघी दारात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांना बघून आजोबाही हसले, कशाला ते न विचारता.

मग बाई डोळे पुसत म्हणाल्या, “बोलायला मलाही आवडलं असतं गं. गंमत म्हणजे, तू विचारलंस हे कळल्यापासून डोक्यात भाषण सुरू झालंय माझ्या. आणि शब्द तोंडातून गेलाय तो गेलाच आहे. पण यांना कुठे ठेवू?”

*

संध्याकाळी खारूला भरवता भरवता तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “अगं, मग त्यांनाच घेऊन यायला सांग की. ठेवायचं कुठे काय?”

“आणि तिथे कोण बघणार, आई? मी तर सगळीकडे पळत असणार.”

“मी कशाला आहे? खारूला घेऊन येते मी. एकीला सांभाळतेच आहे. हे दुसरं माणूस निदान भिंतीवर रेघोट्या तर ओढायचं नाही.”

“आई, अहो, परकं माणूस. दिवसभर.”

“परकं कसं? तुझ्या नोकरीला हातभार लावतंय ते.” सासूबाईंनी खारूच्या गालातला शिळा घास बोटानं बाहेर काढला. “माझ्या वेळी मला असं कुणी म्हटलं असतं ना, तर मीही शिकवणी सोडली नसती. जाऊ दे. फोन लाव बाईंना.”

सासूबाई कधी शिकवणी घ्यायच्या, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे विचारावं असं वाटलं, पण सासूबाई तोवर ताटली उचलून आत गेल्या होत्या.

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. सभागृहात यांना गर्दीत बसवणार कुठे, असं त्यांनी विचारलं. तिनं त्याचा विचार करून ठेवला होता. सभागृहाच्या मागच्या बाजूला चित्रीकरणासाठी एक काचेची खोली आहे. आतून व्यासपीठ पूर्ण दिसतं. आजोबांना तुम्ही सारख्या समोर दिसाल.

“दिसेन होय?” बाई म्हणाल्या. “मग बघू या जमवून. पण मुली, आमचं आवरून निघायलाच दहा वाजतात. दहाचं काही जमायचं नाही.”

“जमवते,” ती म्हणाली. “आणि बाई, एकदा सांगता का? कुठलं येते?”

“यायचं येते,” बाई म्हणाल्या. “पक्कं.”

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांसमोर उभी राहिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे पत्रिका छापली, तेव्हा बाई येणारच नव्हत्या.”

“नाही, सर.”

“आणि आता?”

“आता येणार आहेत. पण उशिरा.”

“मला कालच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही त्यांचा परिचय लिहीत होतात, सर.”

सरांनी केराच्या टोपलीतल्या फाटलेल्या कागदांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा तिनं खूप प्रयत्न केला, पण नक्की काय आहे ते कळेना. “पुन्हा विचारू नकोस, असं मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “म्हणजे निम्मं माझ्या खात्यावर. आता दहाच्या जागी कोण? अखंड सर?”

“तेच आहेत. बाकीचे दुपारचे आहेत.”

“त्यांना तू सांगणार की मी?”

“मी सांगते.”

“सांग. चर्चासत्र वगैरे सोड, खरी परीक्षा तीच आहे.”

अखंड सर नगररचनेतले मोठे जाणकार. नाव वेगळंच होतं, पण एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत म्हणून विद्यापीठात सगळे त्यांना अखंड सर म्हणत. एका निरोप समारंभात ते इतके बोलले होते, की ज्याचा निरोप तोच मागच्या दारानं घरी गेला.

“पहिलं भाषण?” ते फोनवर गरजले. “पहिल्या भाषणाला श्रोते कुठे असतात, मॅडम? श्रोते चहाला असतात.”

“सर, मी चहा सकाळच्या दोन्ही भाषणांनंतर ठेवते. म्हणजे सगळे आत असतील.”

“आणि वेळ किती?”

“पाऊण तास.”

“पाऊण तासात माझे नमस्कार-चमत्कार होतात.”

तिनं मग खरं काय ते सांगून टाकलं. ‘येते’चा घोळ, बाईंचे यजमान, काचेची खोली, सगळं. पलीकडे चक्क शांतता पसरली. अखंड सर गप्प बसलेले तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“त्यांच्या हातचा चहा प्यायलोय मी,” ते शेवटी म्हणाले. “बाईंकडे प्रबंध लिहीत होतो तेव्हा. बाई माझी पानं लाल करायच्या आणि ते मला चहा देऊन म्हणायचे, होईल हो, होईल.” ते खाकरले. “ठीक आहे. पहिलं तर पहिलं. आणि वेळेत संपवतो, बाईंचं एक मिनिट खाणार नाही. पण मला चिठ्ठ्या पाठवायच्या नाहीत. वेळ संपली, वेळ संपली. आयुष्यभर तुम्हा लोकांच्या चिठ्ठ्या गिळत आलोय.”

“नाही पाठवणार, सर,” तिनं शब्द दिला.

*

गुरुवारी सभागृह भरलं. बाईंच्या नावानं लोक आले होते. केस पिकलेले त्यांचे जुने विद्यार्थी मागच्या बाकांवर शाळकरी पोरांसारखे दाटीवाटीनं बसले होते. अखंड सर उभे राहिले आणि बोलायला लागले. काचेच्या खोलीत सासूबाई खारूला घेऊन आधीच ठाण मांडून बसल्या होत्या, सोबत केळी, बिस्किटं, पाण्याची बाटली आणि एक चेंडू.

गाडी वेळेत गेली होती. पण गाडी परत येईना.

तिनं बाहेर जाऊन चालकाला फोन लावला. “आजोबा गाडीत बसत नाहीत, मॅडम,” तो म्हणाला. “दार लावलंय का बघायला परत परत घरात जातायत. बाई समजावतायत. मी काय करू?”

“काही करू नका. घाई करू नका. त्यांच्या कलानं घ्या.”

हे ती बोलली खरी, पण घड्याळाकडे बघणं तिला थांबवता येईना. बाई आल्या नाहीत तर भरलेल्या सभागृहासमोर सरांना उभं राहून सांगावं लागणार, की जाड अक्षरातलं नाव म्हणजे आमच्या समन्वयकाचा एक गैरसमज होता. मग वर उत्तर काय देणार ते? जॅकेट परत खुर्चीवर येणार.

ती आत आली, तर आतलं चित्र आणखी भयंकर. अखंड सर वेळेत संपवत होते. आपल्या अख्ख्या कारकिर्दीत पहिल्यांदा. “आणि आता समारोपाकडे वळताना,” असं ते म्हणाले, आणि सभागृहानं कौतुकानं एकमेकांकडे पाहिलं.

तिनं कागद फाडला, भराभरा लिहिलं आणि वाकून, कुणाच्या डोळ्यांवर न येता, ती चिठ्ठी भाषणाच्या मेजावर नेऊन ठेवली. दिलेला शब्द मोडणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं अखंड सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी उघडली. वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचली.

चिठ्ठीत होतं, ‘सर, कृपया बोलत राहा. बाई वाटेत आहेत.’

“मंडळी,” अखंड सर माइकमध्ये म्हणाले, “मला आत्ता आलेली चिठ्ठी मी चौकटीत घालून भिंतीला लावणार आहे. तर, समारोप राहू द्या. फुटपाथकडे वळू.”

आणि वळले ते असे वळले. फुटपाथच्या उंचीवरून ते गटाराच्या झाकणांवर गेले, झाकणांवरून झाडांवर, झाडांवरून सावलीवर. लोकांनी आधी उसासे टाकले, मग पुढे सरकून बसले, कारण त्या दिवशी अखंड सर खरंच चांगले बोलले. ती दारात उभी राहून बाहेरचा रस्ता आणि आतलं व्यासपीठ आळीपाळीनं बघत होती. एखाद्याच्या न थांबण्याबद्दल आपण कधी मनापासून आभारी होऊ, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शेवटी मागच्या दाराशी गाडी थांबली. बाई उतरल्या, त्यांच्या हाताला धरून आजोबा.

“दमवलं गं तुला,” बाई म्हणाल्या.

“या, बाई. आधी इकडे.”

काचेच्या खोलीत सासूबाई उठून उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. नमस्कार झाले. सासूबाईंनी आजोबांसाठी खुर्ची काचेशी ओढली. बाई त्यांच्यासमोर वाकल्या. “अहो, मी तिथे समोर बोलणार आहे. तुम्हाला इथून दिसेन. येते हं मी.”

“ये,” आजोबा म्हणाले.

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि घडी पडलेलं काहीतरी काढून सासूबाईंना दाखवलं. चर्चासत्राची पत्रिका होती. “हिचं नाव आहे यात,” ते म्हणाले. “सगळ्यांत वर.”

बाईंनी ते पाहिलं आणि क्षणभर दाराची चौकट धरली. मग पदर सारखा केला आणि व्यासपीठाकडे गेल्या.

बाई काय बोलल्या ते सगळं तिला ऐकता आलं नाही. मध्येच चहाचं बघावं लागलं, दुपारच्या वक्त्याचा माइक बघावा लागला. पण एक वाक्य ती उभी असलेल्या कोपऱ्यात येऊन पोचलं. “पूल कितीही भक्कम बांधा,” बाई म्हणत होत्या, “अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचं टोक दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तो पुलावर चढत नाही. घाबरतो आणि गाड्यांमधून पळत सुटतो. त्याला आपण बेशिस्त म्हणतो. तो बेशिस्त नसतो हो, त्याला कुणी टोक दाखवलेलं नसतं.”

तिनं मागे वळून काचेकडे पाहिलं. आजोबांनी मान वळवून सासूबाईंना काहीतरी विचारलं. सासूबाईंनी बोटानं व्यासपीठ दाखवलं. आजोबा पुन्हा समोर बघायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी सासूबाईंच्या आधी खारूनंच इवलंसं बोट काचेला लावलं.

*

आभार मानायचं काम तिच्याकडे होतं. आभाराला लोक थांबत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. खुर्च्या वाजतात, पिशव्या उचलल्या जातात. तिनं सगळ्यांची नावं लिहून आणली होती, कुणी राहून जायला नको म्हणून. ती तिनं वाचली. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला.

“अजून काही जण आहेत,” ती म्हणाली.  “एक सर आहेत, ज्यांनी आज माझ्यासाठी वेळ पाळली आणि मग माझ्याचसाठी मोडली. एक सर आहेत, ज्यांनी मला माझी खुर्ची परत दिली. बाई आहेत, ज्यांनी सहज म्हटलेला शब्दसुद्धा पाळला. आणि त्या काचेमागे माझ्या सासूबाई आहेत. आज या सभागृहात जे काही झालं, ते त्या तिथे बसल्या होत्या म्हणून झालं. आई, तुमचे आभार मानलेले तुम्हाला आवडायचं नाही. तरी मानते.”

सगळ्यांच्या माना काचेकडे वळल्या. सासूबाईंनी खारूला उचलून तिच्यामागे तोंड लपवलं.

गर्दी पांगल्यावर विभागप्रमुख तिच्याजवळ आले. त्यांच्या हातात बाईंचा परिचय लिहिलेला शेवटचा कागद अजून होता. बाईंनी परिचय वाचूच दिला नव्हता, ‘मी कोण ते यांना माहीत आहे, मला बोलू दे,’ म्हणून. “पुढच्या वर्षीच्या विषयाचा आतापासून विचार कर,” ते म्हणाले.

“पुढच्या वर्षीच्या?” तिनं विचारलं. नुसतं विचारलं नाही, श्वास धरून विचारलं.

“हो. तुलाच करायचंय. वर काय सांगायचं ते मी बघतो.” दोन पावलं जाऊन ते परत वळले. “आणि वक्त्यांचे होकार या वेळी लेखी घे.”

बाई आजोबांना गाडीत बसवून स्वतः बसायला निघाल्या. तिला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. “बरं, येते मी.”

“कुठलं येते, बाई?”

बाईंनी विचार केल्यासारखं केलं. “दोन्ही,” त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला जिन्यात नव्हत्या. आत, दाराशीच होत्या. ती खारूसमोर उकिडवी बसली. “खारू, आई कामाला चालली. संध्याकाळी येणार. येते हं.”

खारूनं तिच्याकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि मग तोंड वासून असा काही सूर लावला, की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

“निघ तू,” सासूबाई तिला कडेवर घेत म्हणाल्या. “आता थांबलीस तर सगळं मुसळ केरात.”

ती निघाली. रडणं तिच्यामागून जिना उतरत आलं, फाटकापर्यंत आलं. तिचेही डोळे वाहत होते, पण पाय निघाला. दिवसभर तिनं फोन केला नाही, अजून रडतेय असं कळलं तर पाय परत फिरेल, या भीतीनं.

संध्याकाळी तिनं दार उघडलं, तर खारू दाराशीच बसलेली. हातात बिस्किट, गाल भरलेले.

“रडली का हो फार?”

“तू कोपऱ्यावर पोचेपर्यंत,” सासूबाई म्हणाल्या. “मग विसरली. पण आज पलंगाखाली नाही गं बघितलं. एकदाही नाही. चारच्या सुमाराला आपणहून इथे येऊन बसली.” मग त्यांनी कपाळावर हात मारला. “आणि एक नवंच काढलंय. ऐक आता.”

खारू उठली. आईच्या साडीला बिस्किटाचे हात पुसले, स्वयंपाकघराच्या दाराकडे दोन पावलं टाकली आणि मागे वळून, अगदी बाईंसारख्या गंभीर तोंडानं म्हणाली,

“येते.”

आणि गेली.